विसरण्यासाठी घ्यायची वस्तू

अमेरिकेत छापील किंमत हा हवामानाच्या अंदाजासारखा प्रकार आहे. बनवणारा ती अदबीने सुचवतो, दुकानदार ती ऐकून घेतो आणि मग आकाशाकडे बघून आपल्याला हवं ते करतो. एमआरपीच्या वर दोन रुपये मागितले म्हणून फलाटावरच्या पाण्याच्या बाटलीवाल्याशी गाडी हलेपर्यंत भांडणाऱ्या मुलखातून मी इथे ओहायोत आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी हा सुचवणुकीचा मामला अजून पुरता अंगवळणी पडलेला नाही. एरवी त्यात आपला फायदाच असतो. गाद्या, टोस्टर, हिवाळी कोट सगळं सुचवलेल्या किमतीच्या खालीच मिळतं, आणि ती किंमत केवळ आपल्याला जिंकल्याचा आनंद व्हावा म्हणून छापलेली असते. पण अधूनमधून एखादी वस्तू अशी येते की ती सगळ्यांना एकाच आठवड्यात हवीशी होते. मग सुचवलेली किंमत बिचारी कागदावर राहते आणि खरी किंमत जिना चढून गच्चीवर जाऊन बसते. 2018 च्या हिवाळ्यात आमच्या भागात अशी एक वस्तू अवतरली. अवतरली म्हणजे तिचं नाव अवतरलं; ती स्वतः यायची होती. ते एक पिस्तूल होतं.

जानेवारीत लास व्हेगासला शस्त्रव्यापाऱ्यांची मोठी जत्रा भरते. त्या सुमारास न्यू हॅम्पशायरमधल्या सिग साउअर कंपनीने ‘पी365’ नावाचं हे मॉडेल जाहीर केलं. वजन अर्धा किलो, जाडी जेमतेम इंचभर, आणि तरी मॅगझिनमध्ये नऊ मिलिमीटरच्या दहा गोळ्या, शिवाय नळीत एक. तोवर एवढ्याशा पिस्तुलात सहा-सात गोळ्या मावल्या तरी लोक समाधानी असत. तीनशे पासष्ट म्हणजे वर्षाचे दिवस. रोज अंगावर बाळगावं, सणवार बघू नये, असा त्या नावातला आग्रह. सुचवलेली किंमत 599 डॉलर आणि 99 सेंट. सहाशे म्हणायला जीभ रेटावी लागू नये म्हणून एक सेंट मागे ठेवण्याची ही जगभरची सभ्यता पिस्तुलालाही चुकलेली नाही. या साऱ्या कारागिरीचा हेतू मला फार लोभस वाटला. पट्ट्याला लावलेली ही वस्तू बसता-उठता टोचू नये, शर्टाखालून डोकावू नये, आपल्याजवळ ती आहे हे माणसाला दिवसभर आठवूच नये, यासाठी मोठमोठ्या इंजिनियरांनी डोकं शिणवलं होतं. विसरता यावी म्हणून घ्यायची वस्तू. आणि ती हाती पडेपर्यंत मात्र घेणाऱ्याला दुसरं काही आठवत नव्हतं.

हे मला कळलं ते आमच्या शेजाऱ्यांमुळे. टपाल वाटण्यात हयात घालवून ते निवृत्त झाले होते. बायको दोन घरं पलीकडच्यांनाही ऐकू जाईल अशी हसायची. ती गेल्यापासून त्यांच्या घराचा आवाजच बसला होता. तळघरातल्या पोलादी कपाटात वडिलांची शिकारीची बंदूक होती, एक जडशीळ रिव्हॉल्व्हर होतं, आणखीही दोन-तीन नग होते. आठ तासांचं प्रशिक्षण घेऊन काउंटीच्या शेरीफकडून छुपं शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यांनी केव्हाच काढला होता. पण कपाटातलं सगळं ‘मोठं’ होतं. रिव्हॉल्व्हर कमरेला लावलं की पँट त्या बाजूला खाली सरकते, अशी त्यांची तक्रार होती, आणि तिच्यात तथ्य असावं. म्हणून नव्या पिस्तुलासाठी त्यांनी दुकानातल्या वहीत नाव घातलं. त्याच दिवसांत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते आणि गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली होती. ‘आपला नंबर कुठवर आलाय तेवढं विचारून येऊ,’ असं म्हणून ते मला अधूनमधून दुकानात न्यायला लावत. समोरचा माणूस नीट न दिसणाऱ्या गृहस्थांना नेम धरायच्या वस्तूची इतकी ओढ लागावी यातली गंमत मला स्टिअरिंगमागे बसून जाणवायची. त्यांना ती जाणवत नसावी, किंवा जाणवत असली तरी सभ्यपणे ते ती माझ्यासाठी सोडत असावेत.

दुकानात तेलाचा आणि जुन्या कॉफीचा वास असायचा. भिंतीवर एक हरीण होतं, कायम कुणीतरी आत्ताच हाक मारल्यासारखं चेहरा करून. काचेच्या लांबलचक कपाटात पिस्तुलं ओळीने निजलेली, आणि त्यांच्यात एक रिकामी जागा, पुढे नावाची चिठ्ठी. ती रिकामी जागाच सगळ्यांत जास्त बघितली जाई. लोक तिच्यासमोर थांबत, काचेवर बोट टेकवत, मान हलवत. एकदा मात्र तिथे एक नग होता. तो आजच नेता येईल, पण होल्स्टर, दोन जादा मॅगझिन आणि सफाईचं साहित्य असं सगळं मिळून, असं दुकानदाराने सांगितलं आणि एक आकडा उच्चारला. तो ऐकून भिंतीवरचं हरीणही क्षणभर दचकल्यासारखं वाटलं. दुकानदार वाईट माणूस नव्हता. वितरकाकडून आपल्याला महिन्याकाठी मोजकेच नग मिळतात, असं तो सांगायचा. आणि ऑनलाइन लिलावात लोक याहून जास्त देतात, हेही खोटं नव्हतं. शेजाऱ्यांनी ते पिस्तूल हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, उलटसुलट केलं. अपुरा पत्ता लिहिलेलं पाकीट टपालवाला ज्या नजरेने न्याहाळतो, ती ती नजर होती. मग त्यांनी ते अलगद काचेवर ठेवलं. ‘सुचवलेल्या किमतीला येईल तेव्हा फोन करा,’ म्हणाले, आणि आम्ही परत निघालो. गाडीत बसल्यावर ते जणू मोह जिंकलेल्या साधूसारखे प्रसन्न दिसत होते.

वाटेत मला एक शंका सतावू लागली. पिस्तूल घ्यायचं ते संकटासाठी. संकट कुठल्या क्षणी, कुठल्या वळणावर येईल याचा नेम नाही, हाच तर ते जवळ बाळगण्यामागचा सगळा युक्तिवाद. मग त्या काचेच्या कपाटात दुसरी शंभर पिस्तुलं हात जोडून उभी असताना हे गृहस्थ एका विशिष्ट पिस्तुलासाठी महिनोन् महिने थांबतात, याचा अर्थ संकटही थांबणार आहे यावर त्यांचा विश्वास असला पाहिजे. चोराचंही नाव बहुधा त्याच वहीत कुठेतरी खाली लिहिलेलं असावं आणि नग आला की दुकानदार दोघांनाही फोन करणार असावा. इतक्या समजूतदार संकटापासून माणसाला खरोखर किती धोका असतो, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण सिग्नल हिरवा झाला.

सरकारने थांबायला सांगितलं की मात्र हीच मंडळी खवळतात. ओहायोत तशी सक्तीची प्रतीक्षा नाही. दुकानदार एफबीआयकडे चौकशी करतो. 1998 पासून ही सोय आहे आणि बहुतेकांची पार्श्वभूमी काही मिनिटांत तपासून होते, म्हणजे चहा निवायच्या आत. कॅलिफोर्नियात मात्र दहा दिवस थांबावं लागतं. 1923 मध्ये तिथल्या विधिमंडळाने हँडगनसाठी एक दिवसाची वाट बघायला लावली. ती वाढत वाढत 1975 मध्ये पंधरा दिवसांवर गेली आणि नव्वदच्या दशकात दहावर आली. रागाच्या भरात हात सुटू नये, मन थोडं थंड व्हावं, हा त्यामागचा विचार. ज्याच्या घरी आधीच बंदूक आहे त्याने दुसरीसाठी मन कशाला थंड करायचं, असा रोकडा प्रश्न घेऊन काही जण न्यायालयात गेले. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी त्यावर आपली नाराजी सविस्तर लिहून ठेवली. नेमक्या त्याच महिन्यांत इतर राज्यांत हजारो माणसं एका इंचभर जाडीच्या पिस्तुलासाठी वह्यांत नावं घालून बसली होती. त्यांतलं कुणीही न्यायालयात गेलं नाही. दहा दिवस सरकारने थांबवलं तर तो हक्कावर घाला, आणि सहा महिने दुकानाने थांबवलं तर ते मालाच्या गुणवत्तेचं प्रमाणपत्र!

मला अर्थातच काकांची स्कूटर आठवली. पुण्यात वाढलेल्या माझ्या पिढीतल्या कुणालाही ती आठवल्यावाचून राहणार नाही. आकुर्डीला कारखाना हाकेच्या अंतरावर, आणि चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं बसलेले. परकीय चलन पाठवणारा एखादा आतेभाऊ असेल तर गोष्ट वेगळी. आमचे सगळे आतेभाऊ सातारा रस्त्याच्या अलीकडेच राहत. काकांनी नंबर लावला तेव्हा ते सडपातळ होते. नंबर लागला तेव्हा मागच्या सीटवर काकू, पुढे उभी चुलत बहीण आणि मधे त्यांचं स्वतःचं पोट, एवढा संसार तयार झाला होता. गाडी दारात येताच वाड्यातल्या जाणत्यांनी सल्ला दिला, की चालवू नकोस, ऑन घेऊन विकून टाक. छापील किमतीवर मिळणारी ती वरची रक्कम म्हणजे थांबण्याचा पगार होता. काकांनी विकली नाही. फक्त पुढे अनेक वर्षं, ‘तेव्हा विकली असती तर’ या वाक्याची किक मारून ते संभाषण सुरू करत. त्या काळी आम्ही सगळा दोष लायसन्स राजला देत असू. किती स्कूटर बनवायच्या हेच दिल्लीत ठरायचं, मग रांगा लागणारच. मोकळ्या बाजारात असलं काही नसतं, असं अर्थशास्त्राच्या सरांनी सांगितलं होतं आणि मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. इथे कुणाच्या कारखान्यावर मर्यादा नव्हती, कुणा मंत्र्याची सही लागत नव्हती, कपाटं मालाने फुटत होती, आणि तरी रांग होती, नंबर होता आणि ऑनही होता. हवंसं वाटण्याला कुठलंच सरकार लागत नाही, एवढं सरांच्या टिपणात घालायचं राहून गेलं होतं.

असं पूर्वीही घडलं होतं, हे मला शेजाऱ्यांनीच सांगितलं, आजोबांनी दुष्काळाच्या गोष्टी सांगाव्यात तसं. 2008 साली रुगर कंपनीने ‘एलसीपी’ नावाचं याहून चिमुकलं पिस्तूल आणलं होतं, वजन पाव किलोहून किंचित जास्त. त्याच्यासाठीही झुंबड उडाली, वर पैसे मोजले गेले. ऑक्टोबरमध्ये कंपनीनेच सुरुवातीचे नग दुरुस्तीसाठी परत मागवले, कारण हातातून पडलं तर ते आपण होऊन सुटण्याची शक्यता होती. म्हणजे धडपडून सर्वांआधी मिळवणाऱ्यांनी ते सर्वांआधी परत पाठवलं. पुढच्या वर्षी त्याला लागणाऱ्या .380 च्या गोळ्याच बाजारातून गायब झाल्या, आणि पिस्तुलाची वाट बघून दमलेले लोक गोळ्यांची वाट बघू लागले. पी365 च्या पहिल्या नगांतही काहींचे स्ट्रायकर तुटल्याच्या बातम्या आल्या. ती बातमी सांगायला शेजारी सकाळीच कुंपणाशी उभे होते, चेहरा उजळलेला. ‘पहिल्या खेपेतलं कधीच घेऊ नये,’ ते म्हणाले. न मिळणं हा त्यांचा निर्णय होता, हे त्या क्षणापासून नक्की झालं.

पानगळीच्या सुमारास फोन आला. सुचवलेल्या किमतीला, एका सेंटचाही फरक न करता. एव्हाना त्यांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती आणि ते स्वतः गाडी चालवत गेले. मला थोडी चुटपुट लागली. रांग त्यांची, पण वाट मीही बघितली होती. त्यानंतर काही दिवस ते अंगणात पानं गोळा करताना मधूनच कमरेपाशी हात नेत, आहे की नाही चाचपत. विसरण्यासाठी घेतलेली वस्तू विसरायला सवड लागते. घराचं मागचं दार मात्र पूर्वीसारखंच उघडं असायचं. काही द्यायला म्हणून मी वाजवलं, की आतून आवाज येई, ‘उघडंच आहे, या!’ चोराची भीती असणाऱ्या माणसाचं हे दार नव्हे. मला वाटतं, भीती होती, पण ती रात्री फोन वाजला तर कुणाचा असेल याची होती, गुडघ्यांची होती, बायकोच्या हसण्याइतका मोठा दुसरा आवाज त्या घरात पुन्हा होणार नाही याची होती. असल्या भीत्यांवर कुठल्याच दुकानात काही मिळत नाही. ना सुचवलेल्या किमतीला, ना ऑन देऊन. मग माणूस जी भीती अर्ध्या किलोत मावते तेवढी वेगळी काढतो, तिच्यासाठी वहीत नाव घालतो, आणि निदान तिच्याबाबतीत तरी आपला नंबर कुठवर आलाय हे त्याला विचारता येतं.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर 2019 मध्ये, स्प्रिंगफील्ड आर्मरीने ‘हेलकॅट’ नावाचं पिस्तूल जाहीर केलं. आकार जवळपास तोच; मॅगझिनमध्ये अकरा गोळ्या. ही वार्ता मला कुंपणावरूनच कळली. शेजाऱ्यांच्या स्वच्छ झालेल्या डोळ्यांत बऱ्याच महिन्यांनी ती जुनी चमक दिसत होती. नेमबाजीच्या मैदानावरचे कागद सोडले तर त्यांनी कशावरही गोळी झाडलेली नव्हती. ‘दहा कमी पडल्या का?’ मी विचारलं.

‘छे, छे,’ ते म्हणाले. ‘दुकानात वही उघडलीय, एवढंच. नुसतं नाव घालून ठेवलंय. घाई काही नाही.’