दरवर्षी अधिक मास

पंचांगातला अधिक मास साधारण पावणेतीन वर्षांनी येतो. मोबाइल कंपन्यांनी तो दरवर्षी आणून दाखवला. २८ दिवसांचा रिचार्ज तेरा वेळा मारला की वर्ष भरतं ३६४ दिवसांचं. उरलेला एक दिवस शेजाऱ्यांच्या वायफायवर काढायचा. २०२२ साली ट्रायने सांगितलं, निदान काही पॅक तरी ३० दिवसांचे ठेवा. ठेवले. ते ॲपमध्ये नेमके कुठे आहेत हे सापडेपर्यंत २८ दिवस होतात.

तक्रार मात्र करायची नाही. हे सगळं स्पर्धेसाठी चाललंय. पूर्वी फोनचा अर्ज बाप भरायचा आणि फोन मुलाच्या लग्नापर्यंत यायचा. आला की त्याच्या डायलला कुलूप घालायचं, कारण सगळी आळी बोलायला यायची. ही सरकारी मक्तेदारी मोडायचं १९९४च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने ठरवलं. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत दळणवळणमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला. खासगी भांडवलाचा नारळ मार्क्सवादी मुख्यमंत्र्यांच्या हातून फुटला, म्हणजे मुहूर्त सर्वपक्षीय होता. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर, शिवाय आलेल्या कॉलचेही पैसे. मावशीने ख्यालीखुशाली विचारली तरी मीटर आपलाच पडायचा. पुढच्याच वर्षी सीबीआयने सुखराम यांच्या दिल्ली आणि मंडीच्या घरांतून साडेतीन कोटींहून जास्त रोकड बाहेर काढली. खासगी गुंतवणूक यायला लागली होती, हे तर दिसलंच.

कंपन्यांनी लायसन्ससाठी अशा काही बोल्या लावल्या होत्या की फी भरता भरता दम निघाला. मग १९९९च्या धोरणात सरकारने समजुतीने घेतलं: ठरलेली फी राहू द्या, उत्पन्नातला वाटा द्या. उत्पन्न म्हणजे काय, यावर मात्र पुढची वीस वर्षं कोर्टात गेली. घाई फक्त एकदाच झाली. १० जानेवारी २००८ला दुपारी पावणेतीनला पत्रक निघालं की साडेतीनला संचार भवनात या आणि लायसन्सची इरादापत्रं घेऊन जा. सरकारी कचेरीत पाऊण तासात काम होतंय म्हटल्यावर धक्काबुक्की झाली यात नवल नाही. काही मंडळी तर डिमांड ड्राफ्ट आधीच काढून खिशात घालून आली होती. याला व्यावसायिक दूरदृष्टी म्हणतात. १२२ लायसन्सं वाटली गेली. कॅगने तोट्याचा आकडा काढला १ लाख ७६ हजार कोटी. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सगळी लायसन्सं रद्द केली आणि २०१७ साली विशेष न्यायालयाने सगळे आरोपी निर्दोष सोडले. गुंतवणूकदारांना दोन्ही निकाल एकत्र वाचून दाखवायला माणूस ठेवावा लागला असेल.

त्या काळात एकेका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या होत्या. एअरसेल, युनिनॉर, लूप, डोकोमो... पानटपरीवर सिमकार्डं सुपारीसोबत मिळत. २०१६ला जिओ आली, डेटा फुकट वाटला, आणि उरलेल्यांपैकी बरेच जण स्पर्धेतच वारले. मग २४ ऑक्टोबर २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाचा तो जुना वाद निकाली काढला: व्याज, भाडं, भंगाराची विक्री, सगळं सरकारच्या वाट्यात धरा. व्होडाफोन आयडियाला हा हिशेब झेपेना. तेव्हा सरकारने थकबाकीच्या बदल्यात शेअर घेतले. आधी ३३ टक्के. २०२५मध्ये ते ४९च्या घरात गेले. पन्नाशी ओलांडली असती तर कंपनी सरकारी झाली असती, आणि आपण तर तीस वर्षं खासगीकरण करतोय!

आता सरकार स्पेक्ट्रमचा लिलाव पुकारतं, फी वसूल करतं, बीएसएनएल चालवतं आणि बीएसएनएलशी स्पर्धा करणाऱ्या कंपनीचं सगळ्यात मोठं भागधारकही आहे. हरलं तरी जिंकतं. राहिल्या दोन कंपन्या. त्यांची चुरस किती तीव्र आहे हे २०२४ साली दिसलं. २७ जूनला जिओने दरवाढ जाहीर केली. दुसऱ्या दिवशी एअरटेलने आणि व्होडाफोन आयडियानेही. मागे राहायला कोणीच तयार नव्हतं.

चिडून लाखो लोक बीएसएनएलकडे गेले. तिथे दर जुनेच होते, नेटवर्कही. पण जायची सोय तरी आहे. ‘पोर्ट’ लिहून १९००ला एसएमएस करायचा. मध्यंतरी स्वस्त पॅकमध्ये एसएमएसच नसायचे, म्हणजे कंपनी सोडायची तर आधी तिचाच महागडा रिचार्ज मारायचा. डिसेंबर २०२१मध्ये ट्रायने दटावलं आणि आता तो एसएमएस कुठल्याही पॅकमधून जातो. जायचं कुठे, हा प्रश्न ट्रायच्या कक्षेत येत नाही.