पाठीमागे हात बांधून

इटलीतल्या बोलोन्यात पाहुणा आला की त्याला पियात्सा माज्जोरे चौकात नेऊन उभं करायचं, हा रिवाज. समोर सान पेत्रोनियोचं अवाढव्य चर्च, उजवीकडे नगरपालिकेचा जुना राजवाडा, मागे पोदेस्ताचा वाडा. पाहुणा मान वर करून बघत राहतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे सिन्योरे त्याच चौकात मान खाली घालून उभे असतात. कुठेतरी चार फरश्या उखडलेल्या असतात, भोवती नारिंगी जाळी असते, जाळीच्या आत दोन कामगार आणि बाहेर सिन्योरे.

वय पंच्याहत्तरच्या पुढे. डोक्यावर चपटी टोपी, जुना पण इस्त्री केलेला कोट आणि हात पाठीमागे, एका हाताचं मनगट दुसऱ्या मुठीत. चालू कामाशेजारी असं उभं राहून देखरेख करणाऱ्या निवृत्त माणसाला या गावात ‘उमारेल’ म्हणतात. साधारण 2005 पासून दानिलो मासोत्ती नावाच्या इथल्याच एका लेखकाने हा शब्द देशभर पोचवला. पुढे तो शब्दकोशात गेला आणि उमारेलांच्या नावाने शहरात एक छोटा चौकही झाला. सिन्योरे तो चौक बघून आले. ‘‘तिथे काहीच काम चालू नाही,’’ एवढंच म्हणाले आणि परत कधी फिरकले नाहीत.

सकाळी त्यांच्या बायकोला, सिन्योराला, कणीक लाटायला अख्खं टेबल लागतं, त्यामुळे नऊच्या आत यांची घरातून उचलबांगडी होते. ‘‘जा, मनोरा उभा आहे का बघून या,’’ असं ती रोज म्हणते. ती चेष्टेने म्हणते आणि हे खरंच बघून येतात. वाटेत बारमध्ये उभ्याउभ्या एक कॉफी आणि बारचाच पेपर, ‘इल रेस्तो देल कार्लिनो’. त्यात राजकारण नाही, फुटबॉलही नाही. कुठला रस्ता कधीपासून बंद, एवढंच वाचायचं. लोक ती बातमी वाचून कपाळावर हात मारतात. सिन्योरे तिकडे निघतात.

हल्ली पहिली हजेरी गारिझेंदापाशी. बोलोन्याच्या दोन जुळ्या म्हणवल्या जाणाऱ्या मनोऱ्यांतला हा धाकटा, 48 मीटरचा. पूर्वी तो बराच उंच होता. कलायला लागला म्हणून चौदाव्या शतकात त्याचा वरचा भाग उतरवला. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्याची लक्षणं पुन्हा बिघडली, तेव्हा भोवतालचा रस्ता बंद झाला आणि उद्या पडझड झालीच तर ती आवरायला पोलादी कंटेनरांचा कोट उभा राहिला. सगळं शहर हळहळलं. सिन्योरेही हळहळले, पण त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच टवटवी होती. शेजारचा आझिनेल्ली 97 मीटरचा, 498 पायऱ्यांचा, धडधाकट. त्याच्याकडे ते बघतही नाहीत. ‘‘त्याला काय झालंय?’’

‘‘दान्तेसुद्धा इथेच उभा राहिला होता,’’ ते मला सांगतात. ढग सरकताना खाली उभं राहून बघितलं की गारिझेंदा आपल्या अंगावर येतोय असं वाटतं, हे दान्तेने आपल्या नरकाच्या वर्णनात घातलंय, ते खरंच आहे. सिन्योऱ्यांच्या मते याचा अर्थ एकच: तोही आमच्यातलाच. हात कुठे ठेवले होते हे मात्र त्याने लिहिलेलं नाही.

मापांचा त्यांना फार नाद. नगरपालिकेच्या राजवाड्याच्या भिंतीत मध्ययुगातली अधिकृत मापं दगडात कोरून बसवलेली आहेत. बोलोन्याचा फूट, काठी, विटेचा आकार, कौलाचा आकार. प्रवासी त्यांच्यावर नजरही न टाकता जातात. सिन्योरे तिथे थांबून विटेवर वीत लावतात आणि मग आताच्या विटांबद्दल बोलतात. ते बोलणं इथे देत नाही. एकदा त्यांनी मला सांगितलं की ताल्यातेल्ले पास्त्याची पट्टीसुद्धा मनोऱ्यावरून ठरवलेली आहे. मला थाप वाटली, पण ती नव्हती. 1972 साली इथल्या वाणिज्य मंडळात सोन्याची एक पट्टी ठेवली गेली: शिजल्यावरची रुंदी 8 मिलिमीटर, म्हणजे आझिनेल्लीच्या उंचीचा 12,270 वा भाग. सिन्योराने हे ऐकून लाटणं खाली ठेवलं. ‘‘माझी आई मनोऱ्यावर चढून कापत होती का?’’

पण त्यांचं खरं दुखणं सान पेत्रोनियो. हे चर्च 1390 मध्ये सुरू झालं. दर्शनी भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागाला पांढरा-गुलाबी संगमरवर लागला. वर नुसत्या विटा, दातेरी, उघड्या. सहा शतकांत पुढच्या भिंतीचे आराखडे कितीतरी आले, मोठमोठ्या वास्तुकारांचे आले, आणि कागदावरच राहिले. मार्गदर्शक बाई प्रवाशांना सांगतात, ही अपुरी भिंत म्हणजे शहराची ओळख. सिन्योऱ्यांना हे अजिबात पटत नाही. त्यांच्या लेखी ते रखडलेलं काम आहे. ‘‘दगड आला नाही,’’ असं ते म्हणतात, जणू परवाच ट्रक यायचा होता. शिवाय 1563 पर्यंत चर्चच्या बगलेला विद्यापीठाची आर्किजिन्नासिओची इमारत उभी राहिली आणि रुंदीला वावच उरला नाही. रोमच्या सेंट पीटरपेक्षा आपलं चर्च मोठं होऊ नये म्हणून पोपने मुद्दाम घातलेला हा खोडा, असं गावात सांगतात. सिन्योरे ती हकिकत अशा आवाजात सांगतात, की शेजाऱ्याने रात्रीतून कुंपण पुढे सरकवलं असावं.

चर्चच्या आत जमिनीवर खगोलशास्त्रज्ञ कासिनीने 1655 मध्ये आखलेली मध्यान्हरेषा आहे. जवळजवळ 67 मीटर लांब. छताजवळच्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा भर मध्यान्ही नेमका तिच्यावर येतो. आम्ही वाट बघत उभे होतो. कवडसा रेषेवर आला, सिन्योऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि मान हलवली. सूर्यही यांच्या हिशेबात वक्तशीर नाही.

बाहेर नेपच्यूनचं कारंजं. शिल्पकार जांबोलोन्याचा हा पुतळा एका ठराविक जागेवरून बघितला की त्याच्या अंगठ्यावरून भलताच भास होतो, आणि पोरंटोरं तिथे फोटो काढत खिदळत असतात. सिन्योरे त्यांना बाजूला करून नळांच्या तोंडाशी साचलेला चुना दाखवतात.

एकदा मी माझ्या भावाला त्यांच्या हवाली केलं. पोदेस्ताच्या वाड्याखाली कमानींचा एक चौरस मंडप आहे. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पुटपुटलं की समोरच्या तिरक्या कोपऱ्यात स्वच्छ ऐकू येतं. इथे प्रेमिक एकमेकांशी बोलतात. सिन्योऱ्यांनी भावाला एका कोपऱ्यात उभं केलं, स्वतः दुसऱ्या कोपऱ्यात गेले आणि भिंतीत तोंड खुपसून त्याला बराच वेळ चुन्याच्या गिलाव्याबद्दल सांगितलं. भावाला इटालियन येत नाही. तो शेवटपर्यंत ‘सी, सी’ म्हणत होता. संध्याकाळी सिन्योरे मला म्हणाले, ‘‘हुशार आहे तुझा भाऊ. त्याला कळतं.’’

आपण उशिरा जन्मलो, ही त्यांची एक खंत आहे. 1455 मध्ये फिओरावांती नावाच्या इथल्या एका कारागिराने माज्योने नावाचा अख्खा मनोरा उचलून सुमारे 13 मीटर सरकवला. पाडला नाही, उभाच्या उभा सरकवला. सिन्योरे ही गोष्ट सांगताना क्षणभर हात पुढे घेतात, कारण ती हातवाऱ्यांशिवाय सांगताच येत नाही. ‘‘गर्दी असणार,’’ ते म्हणतात, ‘‘जागा मिळवायला पहाटे जावं लागलं असणार.’’ आमच्याकडे जेसीबीभोवती जमणाऱ्या घोळक्याचा व्हिडिओ मी त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा बघितला. भारताबद्दलचं त्यांचं मत त्या दिवसापासून सुधारलं.

सध्या शहरभर ट्रामचं खोदकाम. बोलोन्यात पूर्वी ट्राम होती. 1963 मध्ये बंद झाली. सिन्योऱ्यांनी शाळकरी वयात रूळ निघताना बघितले होते, आता रूळ पडताना बघतायत. ‘‘तेव्हा म्हणाले, ट्रामची अडचण होते. आता म्हणतात, बसची अडचण होते. मो वा ला!’’ इतकं सगळं तक्रारीच्या सुरात, पण खड्ड्याच्या कडेवरून हलायचं नाव नाही. आतल्या तरुण मिस्त्रीला ते पातळी तपासायला सांगतात. तो तपासतो. पातळी बरोबर निघते. सिन्योरे समाधानाने मान डोलवतात. आपण सांगितल्यामुळे ती बरोबर आहे.

एका भिंतीबद्दल मात्र ते अवाक्षर काढत नाहीत. 2 ऑगस्ट 1980 ला रेल्वे स्टेशनच्या प्रतीक्षालयात बॉम्बस्फोट झाला, 85 माणसं गेली. इमारत पुन्हा बांधली तेव्हा स्फोटाने पडलेलं भगदाड भिंतीत मुद्दाम राखलं, आणि बाहेरचं एक घड्याळ 10:25 वर थांबवून ठेवलं आहे. पाहुण्यांना आणायला आम्ही स्टेशनवर जातो तेव्हा मी वाट बघत असतो, आता तरी काही बोलतील. ते टोपी काढतात, पुन्हा घालतात आणि फलाटाकडे चालू लागतात.

मध्यंतरी बातमी आली की गारिझेंदाला आधार द्यायला पिसाच्या मनोऱ्यासाठी वापरलेले पोलादी आधारखांब आणणार आहेत. सिन्योऱ्यांचा जीव कासावीस झाला. पिसाकडून उसने? आमच्या मनोऱ्याला? शेवटी लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त करून ते सिन्योराला पिसाला घेऊन गेले. तिने मनोऱ्याचे पुष्कळ फोटो काढले. हे दिवसभर आधारखांब कुठे ठेवलेत त्याची चौकशी करत फिरले. कुणाला सांगता आलं नाही. 1990 नंतर दशकभर तिथे चाललेल्या दुरुस्तीत तो मनोरा साधारण 45 सेंटिमीटरने सरळ झाला, हे ते घरून वाचूनच निघाले होते.

रात्री जिन्यात भेटले. मी विचारलं, कसा वाटला?

‘‘काम बरं केलंय,’’ ते म्हणाले. ‘‘पण सरळ जरा जास्तच केलाय.’’