बिनपरवान्याचं पिस्तूल

बीड जिल्ह्यातल्या माणसाने चहाच्या टपरीवर मोठ्याने बोलू नयेत अशी काही वाक्यं आहेत. ‘पिस्तूल घ्यायचा विचार चाललाय’ हे त्यांतलं पहिलं. पुण्यात कुणी असं म्हणालं तर लोक विचारतात, ‘कोणत्या रेंजवर जाता?’ आमच्याकडे खुर्ची जवळ ओढून विचारतात, ‘कुणाशी वाजलं, सर?’

विचारणाऱ्यांचा दोष नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा विषय विधानसभेपर्यंत गेला. कमरेला पिस्तूल खोचून काढलेले फोटो साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले, ते बरंच झालं. नेमक्या अशा दिवसांत मला नेमबाजीचा छंद लागला. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, वय सेहेचाळीस. तोवर आमच्या घरात गोळी म्हणजे रक्तदाबाची, सकाळी चहानंतर एक.

खूळ पॅरिसहून आलं. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांना १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात ब्राँझ मिळालं, तेव्हा सगळा देश त्या दोघांकडे पाहत होता. मी पाहत होतो त्याच स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचकडे. वय एक्कावन्न, साधा टी-शर्ट, नाकावर रोजचा चष्मा, डावा हात खिशात. हा माणूस आमच्या स्टाफरूममध्ये येऊन बसला असता तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने स्टीपलचेस पळून जिल्ह्याचं नाव केलं, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण त्यात तीन हजार मीटर पळायचं, वर पाण्यातून उड्या मारायच्या. इथे जागचं हलायचंच नाही, उलट हललं की गुण जातात. माझ्या आजवरच्या सरावाला साजेसा हा एकच ऑलिंपिक खेळ.

घरी सांगितलं तेव्हा आई माळ ओढायची थांबली. ‘आरं, भाऊबंदकीत काय झालं का? मला काहून नाही सांगितलं?’ बायको शांत होती. ती म्हणाली, ‘अहो, केवढ्याला येतं ते सांगा आधी.’

तिचा प्रश्न खरा जड होता. मनू भाकरचं पिस्तूल कोटीचं आहे अशी आवई मध्यंतरी उठली होती. शेवटी तिनेच सांगितलं की ते दीड-पावणेदोन लाखांच्या आसपास येतं. कोटीवरून दीड लाखावर आलेला आकडा ऐकून देशाला हायसं वाटलं असेल, आमच्या स्वयंपाकघरात वाटलं नाही. मोरिनी, स्टेयर, पार्डिनी, वॉल्थर ही नावं मी ओळीने म्हणून दाखवली. ‘यातलं जुनं कोणतं मिळतं?’ असं तिने विचारलं आणि आमचा निर्णय झाला.

कायद्याचं कोडं मात्र मीच सोडवलं. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर कॅलिबरचं आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेचं हवेचं शस्त्र घ्यायला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दिला की विक्रेता नोंद करून माल देतो. हे मी गल्लीत सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. त्यातलं ‘परवाना लागत नाही’ एवढंच लोकांच्या कानात राहिलं, आणि सरांकडे बिनपरवान्याचं पिस्तूल येतंय ही बातमी पेठेपर्यंत गेली. आमच्या फाटकापुढे रोज उभी राहणारी एक बोलेरो दुसऱ्या सकाळपासून दिसेनाशी झाली. ती हलवा म्हणून मी पूर्वी किती विनवण्या केल्या होत्या!

पुण्यातल्या विक्रेत्याने जुनं पिस्तूल काढलं तेव्हा माझा विरस झाला. सिनेमातल्यासारखं ते मुळीच दिसत नव्हतं. लांब बारीक नळी, तिच्याखाली हवेचं सिलिंडर आणि मागे लाकडाची एक वेडीवाकडी मूठ. ती तळहाताच्या मापाने बेतलेली असते. घट्ट झाली तर कानसीने घासायची, सैल झाली तर पुट्टी भरायची. हे पिस्तूल खिशात मावत नाही, कमरेला लावलं तर बसता येत नाही. जिल्ह्यातल्या हौशी मंडळींनी हे वाण का उचललं नाही ते तिथेच कळलं. मी मात्र ऐकून गेलो होतो तसं आधी सिलिंडरवरची तारीख वाचली. त्याचं आयुष्य दहा वर्षांचं धरतात, मुदत संपलेलं सिलिंडर चालत नाही. जुनं पिस्तूल घेणाऱ्याने रंग, ओरखडे सगळं नंतर बघावं, ती तारीख पहिली बघावी. सिलिंडरमध्ये हवा भरायची ती २०० बारने, म्हणजे मोटारीच्या चाकाच्या शंभरेक पट दाबाने. त्याला वेगळा पंप लागतो. ‘आपला पंक्चरवाला भरून देईल की’ म्हणणाऱ्या मेहुण्याला मी हे तीनदा समजावलं आहे.

परतीच्या वाटेवर नाकाबंदी होती. शिपायाने विचारलं, ‘कुठले?’

‘बीडचे.’

‘बॅगेत काय?’

इथे खोटं बोलणं धोक्याचं होतं आणि खरं बोलणं त्याहून. मी बिल पुढे केलं. ते मी दुकानाशेजारीच लॅमिनेट करून घेतलं होतं. त्याने बिल वाचलं, पेटी उघडायला लावली, नळीतून बाहेर आलेली नारिंगी दोरी पाहून विचारलं, ‘हे काय?’ म्हटलं, ‘सेफ्टी फ्लॅग. आत छर्रा नाही हे लांबूनच कळावं म्हणून.’ त्याने पुन्हा बिलावरचा आकडा पाहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, ‘गुरुजी, एवढ्यात चांगली दुभती म्हैस आली असती.’ बायकोने घरी नेमकं हेच सांगितलं होतं. तिचं आणि पोलिसांचं एकमत व्हायची ती पहिलीच वेळ.

पुढचा पेच डोळ्यांचा. पिस्तूल रोखताना डोळ्याला एकच अंतर स्पष्ट दिसू शकतं, आणि स्पष्ट दिसायला हवी ती नळीच्या टोकावरची फ्रंट साइट. लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं, नव्हे, धूसरच दिसायला हवं. नेमही मधोमध धरत नाहीत. बहुतेक जण काळ्या गोलाच्या खालच्या पांढऱ्या भागात धरतात. चाळिशी उलटलेल्याला ते टोक दिसत नाही, म्हणून मी चष्मेवाल्याकडे गेलो.

‘जवळचा की लांबचा?’

‘मधला. हात लांब केल्यावर जेवढं अंतर होतं तेवढ्याचा.’

‘कशाला लागतो, सर?’

‘पिस्तुलाचं टोक दिसायला.’

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्यावर माझ्याबरोबर आणखी कोण आलंय ते पाहिलं. ‘आणि समोरचा माणूस?’

‘समोर माणूस नसतो, कागद असतो. तो धूसर दिसला तरी चालतो.’

एरवी अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय काच न कापणारा हा गृहस्थ म्हणाला, ‘राहू द्या सर, सावकाश द्या.’ मी त्याच दिवशी सगळे पैसे देऊन पावती घेतली. शिक्षकाची अब्रू अशीच जपावी लागते.

मग जागा. १० मीटर म्हणजे तेहतीस फूट. आमच्या फ्लॅटमध्ये एवढी सरळ रेषा एकच निघते. ती मागच्या गॅलरीतून निघून स्वयंपाकघर, देवघर ओलांडते आणि शेजाऱ्यांच्या दारावर संपते. ती योजना मांडण्याआधीच फेटाळली गेली. अखेर एका मित्राच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये सोय झाली. कापसाच्या धुळीत आम्ही एक टेबल टाकलं, समोर छर्रे अडवणारी लोखंडी पेटी ठेवली, तिच्यावर १७ सेंटिमीटरचा कागद. मधला दहा गुणांचा गोल ११.५ मिलिमीटरचा, शर्टाच्या गुंडीएवढा. पेटीमागे पोती रचली, कारण आमचा स्वतःवर विश्वास होता, पण मित्राला पत्र्याची काळजी होती. छर्रे शिशाचे, त्यामुळे साबणाने हात धुतल्याशिवाय तिथे भेळेला शिवायचं नाही हा नियम. तो मात्र सगळे पाळतात.

घरचा सराव याहून अवघड. शिकवणारे म्हणतात, छर्रा न घालताच जास्त सराव करा. त्याला ड्राय फायर म्हणतात. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, सुमारे किलोभर वजनाचं पिस्तूल एका हातात तोलायचं, श्वास थोडा सोडून धरायचा आणि ट्रिगर दाबत न्यायचा. नियमाप्रमाणे ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा, आणि तेवढ्या दाबानेही फ्रंट साइट सातबाराची मोजणी करत फिरते. एका संध्याकाळी बायको निवडायची मेथी घेऊन दारात आली. बराच वेळ पाहून म्हणाली, ‘अहो, भिंत काही कबूल करते का?’

आता गावाला एक विनंती. पिस्तूल आल्यापासून वरातीसाठी, वाढदिवसाच्या फोटोसाठी आणि एकदा तर उसनवारी वसूल करण्यासाठी मला बोलावणी आली आहेत. वानरांसाठीही येतात. २०२१ मध्ये माजलगावजवळच्या लवूळची वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून नेऊ लागली आणि ती बातमी जगभर गेली. तेव्हापासून आमच्या भागात वानर दिसलं की लोकांना हत्यार आठवतं. वानर मारणं गुन्हा आहे, आणि हे पिस्तूल कागदाला भोक पाडण्यापलीकडे कुठल्याही कामाला मिळणार नाही. ज्यांना खरंच नेमबाजी शिकायची आहे त्यांनी रविवारी सकाळी सात वाजता जिनिंगवर यावं. येताना एक लिटरची पाण्याची बाटली भरून आणावी. पहिला महिनाभर हात लांब करून तीच धरायची आहे.