ग्राफवाले पाटीलसर

जळगावातल्या कुठल्याही कॉलेजच्या व्हरांड्यात "पाटीलसर!" अशी हाक मारा, निम्मा स्टाफ वळून बघतो. म्हणून आमचे हे 'ग्राफवाले' पाटीलसर. विषय डेटा व्हिज्युअलायझेशन, म्हणजे आकडे डोळ्यांना दिसतील असे मांडायचं शास्त्र. प्लेफेअर नावाच्या गृहस्थानं 1786 मध्ये स्तंभालेख छापला, नाइटिंगेलबाईंनी 1858 मध्ये सैनिकांच्या मरणाची पाकळ्यापाकळ्यांची आकृती काढून सरकारला घाम फोडला, हे सर इतक्या जिव्हाळ्यानं सांगतात, की बाई त्यांच्या चोपड्याच्या मावशी वाटाव्यात.

वर्गात माणूस चोख. "भो, स्तंभ काढायचा तर शून्यापासून काढ. शून्य खाल्लं की चित्र खोटं बोलतं," हे त्यांचं पालुपद. एडवर्ड टफ्टी या अमेरिकन प्राध्यापकानं 1983 च्या पुस्तकात चित्राचा खोटेपणा मोजायचं सूत्रच दिलंय: चित्रात दिसणारी वाढ भागिले आकड्यांतली खरी वाढ. उत्तर एकाच्या आसपास आलं तर चित्र प्रामाणिक. पोरांकडून ते सर पाढ्यासारखं घोकून घेतात.

वर्ग सुटला की मात्र गाडी सायटेशनवर येते. सायटेशन, म्हणजे एका पेपरात दुसऱ्या पेपरचा दिलेला संदर्भ, हा सरांच्या लेखी आहेर. कुणी किती घातला, आपल्याला किती फेडायचाय, सगळं वहीत. स्वतःच्या पेपरला स्वतःच आहेर करायलाही ते लाजत नाहीत. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये एच-इंडेक्स काढला आणि आमच्या सरांची झोप उडवली. पाच पेपरांना प्रत्येकी निदान पाच सायटेशन असतील तर इंडेक्स पाच. सरांचे चार पेपर पार झालेत, पाचवा चारवर अडलाय. भरीत पार्टीला बोलवा, वांग्याची चव राहते बाजूला, सर शेजारच्याला विचारतात, "तुमचं सध्या काही लिहिणं चाललंय का?" यूजीसीनं 2025 मध्ये मान्य जर्नलांची 'केअर' यादी मोडीत काढली, तेव्हा तर समोरची शेवभाजी गार झाली तरी सरांचा हात ताटाकडे गेला नाही.

कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची कमिटी येणार म्हणून सरांनी आपल्या सायटेशनचा पोस्टर लावला. गेल्या साली एकूण 41, यंदा 44. पण यंदाचा स्तंभ गेल्या सालच्या चौपट उंच! यावलची एक विद्यार्थिनी पोस्टरसमोर फूटपट्टी घेऊन उभी राहिली. अक्ष 40 पासून सुरू होता. चित्रात वाढ तीनशे टक्के, खरी वाढ जेमतेम सात. तिनं टफ्टीचं सूत्र लावलं, भागाकार बरोबर 41 आला. सर थोडे लाल झाले, पोस्टरकडे बघत राहिले, मग तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बेस! याच्यावर पेपर लिही. संदर्भात फक्त माझा तो पाचवा पेपर टाक."

तो पेपर लिहून होईपर्यंतच्या मधल्या काळात एका चर्चासत्रासाठी सर धुळ्याला गेले. सायटेशनची फेड बाकी होती, म्हणून पारोळ्यापर्यंत वही चाळत आणि पुढे हिशेब करत. यजमान त्यांना राजवाडे संशोधन मंडळात घेऊन गेले. इतिहासाचार्य राजवाडे 1926 मध्ये धुळ्यातच वारले, पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं उपसून राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले. यजमान भारावून बोलत होते. सरांनी मोबाईल काढला. "गुगल स्कॉलरवर प्रोफाईल नाही हो यांचं!" मग हळहळून म्हणाले, "बावीस खंडांत बावीसच प्रकाशनं? एकेका पत्राचा एकेक पेपर केला असता, तर माणूस कुठल्या कुठं गेला असता." यजमानांनी चहा मागवला.

यावलच्या त्या मुलीनं पेपर खरंच लिहिला. छापूनही आला. संदर्भात सरांचा पाचवा पेपर होता, फक्त जर्नलवाल्यांनी आद्याक्षरांत गडबड केली आणि सायटेशन जमा झालं केळीच्या करपा रोगावर काम करणाऱ्या भलत्याच पाटलांच्या खात्यावर. सरांनी त्यांना तातडीनं ईमेल पाठवली. पहिल्या परिच्छेदात सायटेशन परत मागितलंय. दुसऱ्यात विचारलंय, की ते जमत नसेल तर करप्याच्या आकडेवारीला ग्राफ काढून देतो, सहलेखक कराल का?