फिएस्टा एसटी

(रंगमंचावर एक लोखंडी खुर्ची, शेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या. मागे निवृत्त चालक-वाहकांच्या मेळाव्याचा कापडी फलक. आबा येतात. पायजमा, शर्ट आणि त्यावर जाडजूड परदेशी जॅकेट. सांगलीचा मे महिना आहे. जॅकेटवर विनाअपघात सेवेचा बिल्ला.)

बसा, बसा मंडळी. टाळ्या नकोत. नोकरीत असताना ह्याच हातांनी माझ्या ड्युटीविरुद्ध अर्ज लिहिलेत तुम्ही, मी विसरलेलो नाही. आणि जॅकेट का काढत नाही, हेही कुणी विचारायचं नाही. नातवानं घेऊन दिलंय. घाम माझा आहे, मी बघून घेईन.

आल्यापासून जो तो विचारतोय, आबा, लंडन कसं आहे? लंडन मी बघितलंच नाही! पोरगा राहतो स्लाऊला. लंडनच्या पश्चिमेला, हिथ्रो विमानतळाच्या पलीकडं. शेजारी विंडसरला राजाचा वाडा आहे, तोही लांबूनच बघितला. मग एवढे दिवस तिथं बसून काय बघितलं? विमा बघितला. नातवाच्या पहिल्या गाडीचा विमा.

तर नातू आमचा ओम. वय वर्षं १७. तिकडं सतराव्या वर्षी मोटारीचं लायसन काढता येतं. काढता येतं म्हणजे, आपल्यासारखं एजंटाच्या हातात पाकीट आणि आठाचा आकडा काढला की झालं, तसं नाही. आधी लेखी. मग रस्त्यावरची. निम्म्याहून जास्त गडी त्यात आडवे होतात आणि पुढची तारीख मिळायला महिनोन्‌महिने. आमचं पोरगं पहिल्या झटक्यात पास! मी पेढे घेऊन गल्लीत निघालो, तर सूनबाईनं दारातच अडवलं. "आबा, इथं न सांगता बेल वाजवली की लोक घाबरतात."

रात्री जेवताना संजूनं विचारलं. संजू म्हणजे माझा पोरगा, कॉम्प्युटरमध्ये आहे. म्हणाला, "काय रे ओम, गाडी कुठली घ्यायची?" पोरानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणालं,

(कोवळ्या, किंचित इंग्रजी वळणाच्या आवाजात) "मला एसटी पाहिजे."

(आबा खुर्चीवर बसतात. डोळे पुसतात.)

घास हातातच राहिला माझा. ह्या संजूला एसटीत चिकटवायला मी साहेबांचे किती उंबरे झिजवले! गडी म्हणाला, मला डिझेलच्या वासानं उमाशे येतात. आणि सातासमुद्रापलीकडं जन्मलेलं हे लेकरू म्हणतंय एसटी पाहिजे! मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "बाळा, कुठली? साधी, निमआराम का शिवनेरी?"

"फिएस्टा एसटी, आबा. फोर्डची."

(मोठा विराम.)

मोबाईलवर दाखवली. लाल होती, तेवढंच काय ते आपलं. बाकी बुटकी, मागं दोन नळकांडी आणि पावणेदोनशेच्या वर घोडे. अहो, खंबाटकी चढताना पन्नास माणसं, टपावर पोती आणि एक बोकड असताना आमच्या लेलँडला एवढे घोडे नव्हते!

संजूनं शांतपणे फोन काढला आणि विम्याचा भाव बघितला. गाडी आठ हजार पौंड. विमा सहा हजार. मी म्हटलं, किती वर्षांचा? म्हणाला, एका वर्षाचा. पौंडाला शंभराच्या वर रुपये. मी जिभेवरच गुणाकार केला आणि तोंड पोळल्यासारखं पाणी प्यायलो.

तिकडची तऱ्हा ऐका. प्रत्येक गाडीला विम्याचा गट दिलेला असतो, १ पासून ५० पर्यंत. इंजिनात जोर किती, ठोकली तर दुरुस्तीला किती खर्च, सुटे भाग केवढ्याला, चोराला उचलायला सोपी का अवघड, असं सगळं बघून आकडा पडतो. एक नंबर सगळ्यांत गरीब. फिएस्टा एसटी तिशीच्या आसपास. वर फिएस्टा चोरांचीही लाडकी, २०२३ मध्ये ब्रिटनभर सगळ्यांत जास्त तीच पळवली. सूनबाई म्हणाली, "नाहीतरी जाणारच आहे, तर घ्यायची कशाला?"

मग तिघांनी ठरवलं, गाडी बघायची नाही, विमा बघायचा. विम्याला परवडेल ती गाडी. गट एक-दोनमधल्या गाड्या निघाल्या. फोक्सवॅगन अप, तिचीच बहीण स्कोडा सिटिगो, असल्या हजार सीसीच्या. ओमचं तोंड बघवत नव्हतं. पोराला घोडा पाहिजे होता, घरचे शेळी दाखवत होते. जुनी अप तीन हजार पौंडाला. आणि विमा? दोन हजार नऊशे! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, हे आपण नुसतं म्हणतो. तिकडं कंपनी ते छापून देते.

मी म्हटलं, अरे, एक नंबर गट ना? सगळ्यांत गरीब ना? संजू म्हणाला, "आबा, गाडी गरीबच आहे. महाग ओम आहे."

आपल्याकडं कसं, हजार सीसीच्या आत गाडी असली की थर्ड पार्टीचा दर २,०९४ रुपये, २०२२ मध्ये सरकारनं ठरवला तो. चालवणारं सतरा वर्षांचं कार्टं नाही ना, एवढं आरटीओनं बघायचं. बाकी अठराचा चालवो नाहीतर ऐंशीचा, दर तोच. आणि आपली एसटी? महामंडळांना कायद्यानं मुभा आहे, स्वतःचा निधी ठेवा आणि विम्यातून सूट घ्या. म्हणजे मंडळी, तुम्ही-आम्ही जन्मभर जी गाडी हाकली, ती विम्याच्या कागदाशिवाय! आणि हे तिकडं, चार चाकांची डबी दुकानापर्यंत न्यायची, तर कॉम्प्युटर पन्नास प्रश्न विचारतो. रात्री गाडी कुठं उभी असते? घराचा पिनकोड काय? बापाचा धंदा काय? मी म्हटलं, आता कुलदैवत विचारील.

ओमनं एक डोकं लढवलं. म्हणाला, फुल विमा नको, नुसता थर्ड पार्टी घेऊ, स्वस्त पडेल. दाबलं बटन. आणखी महाग! समोरच्याची तेवढी भरपाई, आणि पैसे जास्त! संजूनं सांगितलं, नुसता थर्ड पार्टी घेणारी बहुतेक बेफिकीर पोरं असतात, म्हणून कंपन्या त्या सगळ्या रांगेलाच जास्त लावतात. आता बोला. कमी मागितलं म्हणून जास्त दंड.

मग कळलं, अनुभवी माणूस जोडीला दुसरा ड्रायव्हर म्हणून घातला की हप्ता उतरतो. मी उठलो. (उठतात. बिल्ला पुसतात.) म्हटलं, घाला माझं नाव! विटा-मुंबई रातराणी, पावसाळ्यात, खंडाळ्याच्या धुक्यात, एक ओरखडा नाही. हा बिल्ला आहे! पाहुणा माणूस आपल्या लायसनवर तिकडं वर्षभर गाडी चालवू शकतो, तशी सोय आहे. संजू नको-नको म्हणत होता, मी म्हटलं, घाल. घातलं. वय, परदेशी लायसन, ब्रिटनमध्ये राहून किती वर्षं झाली, शून्य. दाबलं.

(बोट वर करतात.) हप्ता वर गेला!

मला काढलं आणि सूनबाईला घातलं. मंडळी, सूनबाई गुणाची आहे, भाकरी माझ्या आईसारखी करते. पण गाडी? आठवड्यातून एकदा भाजीला काढते. उजवीकडं वळायचं म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो. म्हणून तीन वेळा डावीकडं वळून उजवीकडं जाते. तिचं नाव घातलं आणि हप्ता पाचशे पौंडानं खाली! नऊ वर्षांत एक क्लेम नाही. नाहीच होणार, बाई रस्त्यावर असते किती! आणि ती माझ्याकडं बघून काय म्हणाली माहितीये? "आबा, सेफ्टी फर्स्ट."

(तांब्यातून पाणी पितात.)

आता रात्रीचं सांगतो. सगळे झोपल्यावर संजू हळूच म्हणाला, "आबा, एक युक्ती आहे. गाडी माझ्या नावावर घेतो. मुख्य ड्रायव्हर मी, ओम नुसता जोडीला. निम्मा हप्ता वाचतो." मी विचारलं, आणि चालवणार कोण? "रोज ओमच."

मी म्हटलं, लेका, ड्युटी एकाची आणि लॉगशीटवर सही दुसऱ्याची? आमच्या आगारात असं कुणी केलं असतं तर घरी बसवला असता. आणि ठोकली एखाद्या दिवशी, तर? संजूनं मान खाली घातली. तिकडं ह्याला नाव आहे, फ्रंटिंग म्हणतात, आणि ती फसवणूक धरतात. कंपनी विमाच रद्द ठरवते. बिनविम्याची गाडी पकडली की ३०० पौंड आणि लायसनवर ६ गुण. आणि नव्या ड्रायव्हरला पहिल्या दोन वर्षांत ६ गुण पडले की लायसनच रद्द! नुसता मोबाईल हातात धरून बोलला तरी सहाच. मी म्हटलं, बापानं पोराचं लायसन घालवलं, हे विट्यात सांगू का मी?

शनिवारी गाडी बघायला निघालो. इथं मात्र, मंडळी, माझा रूट लागला.

पहिली गाडी एका पंजाबी गृहस्थाची. चकाचक. आत गुलाबाचा वास. ओम तर लगेच आत जाऊन बसला. मी काही बोललो नाही. जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला. (हवेत तळहात ठेवतात, झटकन काढतात.) तापलेला! म्हटलं, "भाईसाब, हम आने से पहले कहां घुमा के लाये?" गडी चपापला. अहो, सकाळी थंड इंजिन सुरू करताना जे खोकतं, ते आम्ही यायच्या आत खोकून घेतलं होतं. चला पुढं.

दुसरी एका शाळेतल्या बाईंची. अप, २०१४ ची, पांढरी. बॉनेट थंडगार. ऑइलचं झाकण काढलं, आत लोण्यासारखा पांढरा चिकटा नाही. तिसऱ्या गिअरवर हळू चालवून एकदम दाबली. क्लच सुटत असेल तर इंजिन बोंबलतं आणि गाडी वेग घेत नाही. ही निघाली. बाई आणि मी, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण मी एकेक नट दाखवत होतो आणि बाई मान डोलवत होत्या. शेवटी ओमनं पाकिटातून वीस पेन्सचं नाणं काढलं आणि टायरच्या खाचेत उभं खोचलं. नाण्याची बाहेरची कड दिसली तर टायर गेला. दिसली! मी पोराकडं बघतच राहिलो. रक्त थोडंसं बोललं म्हणायचं.

आणि तिकडची एक गोष्ट मला फार आवडली. गाडीचा नंबर सरकारच्या साईटवर टाकायचा, फुकट, आणि तिच्या दर वर्षीच्या तपासणीची कुंडली समोर. गाडी तीन वर्षांची झाली की दर साल तपासणी, एमओटी म्हणतात. कुठल्या साली नापास झाली, किती मैल झाले होते, काय झिजलंय, सगळं. बाईंच्या गाडीला मागच्या खेपेला शेरा होता, पुढचे टायर संपत आलेत. आम्ही नाणं खोचून काढलं, ते सरकारनं आधीच लिहून ठेवलेलं. टायरचे दीडशे पौंड तोडून गाडी घेतली.

घरी आणल्यावर मी मागच्या काचेवर 'रेवणसिद्ध प्रसन्न' लावायला काढलं. संजू ओरडला, "आबा, थांबा! विम्यात चालतं का बघू दे!" काही कंपन्या स्टिकरसुद्धा फेरबदल धरतात. शेवटी देव डॅशबोर्डच्या कप्प्यात बसवला. लिंबू-मिरचीचं तर मी नावच काढलं नाही.

हप्ता आणखी उतरला तो डबीमुळं. काचेला चिकटवायची एवढीशी डबी. ब्लॅक बॉक्स. पोरगं वेगात गेलं, कचकन ब्रेक दाबला, वळणावर गाडी फेकली, रात्री उशिरा हिंडलं, सगळं कंपनीला कळतं. दर आठवड्याला शंभरपैकी मार्क. मला काही विशेष वाटलं नाही. आपल्या गाडीत मागं साठ माणसं बसायची, आणि प्रत्येक जण ब्लॅक बॉक्स!

ओमला ब्याण्णव मार्क पडायला लागले. वळणावर असा जायचा, की माझ्या हातातला चहा हलायचा नाही. आणि मग संजूची गाडी एमओटीत नापास होऊन गॅरेजला गेली. संजूचंही नाव विम्यात होतंच. ओमची गाडी घेऊन ऑफिसला निघाला, उशीर झालेला. संध्याकाळी ओमच्या फोनवर निरोप: आपले गुण एकसष्ट. कृपया अचानक ब्रेक लावणे टाळा.

(ओमच्या आवाजात, शांतपणे) "बाबा, चावी द्या."

सकाळी संजू पाया पडायचा बाकी होता. पोरगं म्हणालं, "सॉरी बाबा, तुम्ही हाय रिस्क आहात." सूनबाई म्हणाली, मी सोडलं असतं, पण तुमचं ऑफिस उजवीकडं आहे.

गेला बिचारा स्टॉपवर. मी जॅकेट घालून पोचवायला गेलो. लांबून बस आली. संजू दोन्ही हात खिशात घालून उभा. बस आली तशी गेली! तिकडंही हात केल्याशिवाय थांबत नाही. मी म्हटलं, गाढवा, जन्मभर बापाच्या गाडीवर बोर्ड वाचलास, 'हात दाखवा, गाडी थांबवा', आणि हात खिशात? पुढची बस मी थांबवली. अशी! (हात आडवा करतात.)

संजू चढला, कार्ड टेकवलं आणि दारातून ओरडला, "आबा, ओमला विचारा, संध्याकाळी मला न्यायला येईल का?"

विचारलं. पोरानं फोनमध्ये बघितलं आणि म्हणालं, "दहाच्या आत असेल तर, आबा. नंतर मार्क कापतात."

(अंधार.)