क्लासकरी

परकीय भाषेचा क्लास लावणारा, तो संपला की पुढची पातळी लावणारा आणि मधल्या काळात ‘सध्या जरा गॅप आहे’ असे सांगणारा इसम म्हणजे क्लासकरी. महाराष्ट्रात तो सर्वत्र आढळतो; पुण्यात त्याची दाटी जास्त. बोट क्लब रस्त्यावरचे मॅक्सम्युलर भवन, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आणि कोथरूडमधल्या एखाद्या निवृत्त बाईंच्या फ्लॅटचा हॉल ही त्याची वसतिस्थाने. मॅक्सम्युलरने ऋग्वेद संपादून छापला, पण जन्मात भारतात पाऊल टाकले नाही, हे क्लासकऱ्याला ठाऊक असते. जर्मनीचा व्हिसा नाकारला गेला की त्याला ते हटकून आठवते.

क्लासकऱ्याची उत्पत्ती बहुधा अकरावीत होते. मराठीच्या पेपरात कितीही लिहिले तरी गुण हात राखूनच मिळतात आणि जर्मन ‘स्कोअरिंग’ आहे, एवढे कारण घरच्यांना पुरते. गटे, शिलर वगैरे मंडळींचा या निर्णयाशी संबंध नसतो. पुढे चाकणच्या जर्मन कंपन्या दिसू लागतात आणि जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही ही बातमी कानावर येते. मग भाषेचे प्रेम अधिक गहिरे होते. निवृत्तीनंतर क्लास लावणाऱ्यांची जात वेगळी. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकले, हा दाखला ते पहिल्याच तासाला देतात. पु. ल. त्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले होते, हा भाग सांगायचा राहून जातो.

युरोपात 2001 पासून भाषाज्ञान ए1 ते सी2 अशा सहा पायऱ्यांनी मोजतात. या पायऱ्या ज्ञानाच्या समजल्या जातात. क्लासकऱ्याचे निरीक्षण केले तर त्या स्वभावाच्या असल्याचे आढळते. ए1च्या क्लासकऱ्यासारखा सालस माणूस शोधून सापडणार नाही. तो सकाळी लवकर उठतो, सफरचंद खातो, सायकलने कामावर जातो आणि त्याला पोहायला आवडते. मूळ मराठी माणूस साडेआठला उठून पोहे खातो, स्कूटरवरून जातो आणि पाण्याला भितो. पण पुस्तकात शब्द सफरचंदाचे आणि सायकलीचे आहेत. चरित्र शब्दसंग्रहाबरहुकूम बेतले जाते. ज्याला बहीण नाही तो बहिणीची वाक्ये सोपी म्हणून एक बहीण मानून घेतो. शिवाय या पातळीवर कुरकुर करण्याची सोय नसते. मराठीत ज्याचे प्रत्येक वाक्य ‘तसं नाहीये ते’ने सुरू होते, तो जर्मनमध्ये हवामान छान आहे असे म्हणून थांबतो, कारण पुढचे काही येत नाही. घरच्यांनी त्याला या भाषेत ऐकले तर ते त्याला मराठीत परत येऊ देणार नाहीत.

व्याकरणाच्या बाबतीत त्याची गंमत निराळी आहे. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत हे ऐकून इंग्रज दचकला तर नवल नाही. तो-ती-तेवर वाढलेला क्लासकरीही दचकतो, कारण तो जर्मनकडे इंग्रजीच्या दारातून येतो. एका माणसाला उद्देशून दोन सर्वनामे कशाला, असे तो बाईंना विचारतो आणि विचारताना बाईंना ‘तुम्ही’ म्हणतो. ‘कारण’ने सुरू होणाऱ्या जर्मन उपवाक्यात क्रियापद शेवटी जाते. मराठीत ते एरवीही शेवटीच असते. तरीही पठ्ठ्या ते आधी इंग्रजीप्रमाणे मध्ये ठेवतो आणि मग लाल शाईच्या बाणाने शेवटी नेतो. शाळेत प्रथमा-द्वितीयेच्या तक्त्यावर ज्याने झोपा काढल्या, तोच जर्मनच्या चार विभक्ती चार रंगांच्या पेनांनी लिहितो. मराठीत आठ होत्या आणि त्या फुकट होत्या.

लेखनातही हेच. ज्याने मोठेपणी कोणाला पत्र म्हणून लिहिले नाही, तो ए2ला मायना, मजकूर, शुभेच्छा आणि खाली सही असे पत्र परदेशी मित्राला लिहितो. वाढदिवसाला येता येणार नाही याबद्दल त्यात मनापासून दिलगिरी असते. चुलतभावाच्या लग्नाला न गेल्याबद्दल त्याने अंगठ्याचे चित्र पाठवलेले असते. बी1च्या तोंडी परीक्षेत दोन उमेदवारांना मिळून एखादा बेत ठरवावा लागतो, आणि दोन पुणेकर काही मिनिटांत एका मतावर येण्याचा प्रसंग बहुधा तेवढाच. बी2ला मतभेद व्यक्त करण्याचे शब्द मिळतात. तिथून उतार सुरू होतो.

जपानीचा क्लासकरी अबोल असतो, आणि परीक्षा त्याला तसाच ठेवते. जुलै आणि डिसेंबरमध्ये होणाऱ्या जेएलपीटी परीक्षेत पर्यायांवर खुणा करायच्या असतात. बोलावे लागत नाही की निबंध लिहावा लागत नाही. एन5पासून वर सरकत एन2पर्यंत पोचलेला आणि प्रत्यक्ष जपानी माणूस दिसताच नुसता वाकून नमस्कार करणारा नमुना म्हणूनच दुर्मीळ नाही. वाकणे मात्र अस्सल असते.

पुढे काही क्लासकरी शिक्षक होऊन इतरांना सफरचंद खायला लावतात, काही पातळी न सांगता गायब होतात आणि काही खरोखर जातात. 2024 साली महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केल्यापासून या शेवटच्या वर्गाच्या आशा वाढल्या आहेत. श्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी. तिथे श्वेबिश बोली चालते. आम्हाला सगळे जमते, प्रमाण जर्मन तेवढे जमत नाही, अशा अर्थाची जाहिरात त्या राज्यानेच 1999पासून वीस वर्षांहून अधिक काळ अभिमानाने केली. सी1चे प्रमाणपत्र घेऊन तिथे उतरलेल्या क्लासकऱ्याला पावाच्या दुकानातले पहिले वाक्य कळत नाही. कोल्हापूरचा असेल तर तो हसून पुन्हा विचारतो. नागपूरचा असेल तर बोटाने पाव दाखवतो. पुण्याचा असेल तर तो दुकानदाराचे उच्चार सुधारतो.