सातव्या मजल्यावरचं तळघर

बाटलीला हात लावण्याआधी परवाना काढा. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून ठणठणीत आहे. त्याखालच्या परवान्यानुसार तुम्हाला मद्य लागतं ते प्रकृती सांभाळण्यासाठी. हा कागद सासऱ्यांना दाखवायला फार उपयोगी पडतो. परवान्यावर बारा युनिटांची मर्यादा असते. तेव्हा फ्रान्समधल्या घराण्यांच्या तळघरांत हजारो बाटल्या निजलेल्या असतात, हे वाचून हुरळून जाऊ नका. आपलं तळघर कायद्यानंच आटोपशीर ठेवलंय.

आता ते बांधायचं कुठं? इमारतीखालचं बेसमेंट गाड्यांचं आहे. तिथं एक बाटली ठेवायची तरी सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. म्हणून सातव्या मजल्यावर, बेडरूमच्या कोपऱ्यातला वाईनचा फ्रिज हेच तळघर. तापमान बारा-तेरा अंश, उजेड नाही, हादरे नाहीत. हवेत सत्तर टक्क्यांच्या आसपास दमटपणा हवा, म्हणजे बूच सुकत नाही. जुलैत खाडीवरचं वारं तो फुकट पुरवतं, वर लेबलावर बुरशीही चढवतं. ती पुसू नका, जाणकार पाहुणे तिच्यावर खूश होतात. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाईल त्या दिवशी इन्व्हर्टरवर पंखा चालवायचा की बर्गंडी, हा प्रश्न घरात मोठ्यानं विचारू नये.

बाटली पारखण्यात मात्र नवी मुंबईकराचा हात कुणी धरणार नाही. बर्गंडीची तांबडी वाईन म्हणजे जवळजवळ सगळी एकाच द्राक्षाची, पिनो न्वारची. फरक पडतो तो जमिनीनं, आणि त्याहून जास्त जमिनीच्या वाटण्यांनी. नेपोलियनच्या कायद्यानं सगळ्या वारसांना सारखा हिस्सा दिला. पुढं काय झालं असेल ते आपल्याकडचा कुठलाही तलाठी फ्रान्सला न जाता सांगेल. क्लो द व्हूजो हा भिंतीआडचा एक मळा, जेमतेम पन्नास हेक्टरांचा. मालक ऐंशीच्या घरात. कुणाकुणाच्या वाट्याला वेलींच्या मोजक्या रांगा. चढावरची जमीन उत्तम, खालची रस्त्यालगतची पाणी धरून ठेवणारी, आणि लेबलावर दोन्हींना एकच पदवी: ग्रां क्रू. रस्त्याला लागून असलेली जमीन हलकी, हे आपल्याकडे कुणाला सांगून पटणार नाही, पण तिथं तसं आहे खरं.

साडेबारा टक्क्यांच्या भूखंडापायी सिडकोच्या कचेरीत ज्यांच्या चपला झिजल्या, अशा करावे-बेलापूरकडच्या एखाद्या काकांपुढं ही भानगड मांडून पाहा. दुकानातला सल्लागार माती, उतार आणि चुनखडीवर अर्धा तास बोलतो. काका सगळं ऐकून घेऊन एवढंच विचारतील, “हिस्सा कुनाचा?” बर्गंडी घेताना विचारावा असा खरा प्रश्न तेवढाच आहे. मळा कितीही नावाजलेला असो, करणारा आळशी निघाला तर पैसे पाण्यात.

मग साल. १९९९ किंवा २००५ म्हणालात तर बैठकीत माना डोलतील. २००४ निघाली तर तिच्या हिरवट वासाबद्दल आधीच दोन शब्द बोलून ठेवा. त्याहून फार जुनं साल कुणी देऊ केलं तर फेरफार तपासा. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात पोंसो घराण्याच्या क्लो सँ-दनीच्या १९४५ पासूनच्या बाटल्या निघाल्या. लोराँ पोंसो स्वतः तिथं हजर झाले, कारण त्यांच्या घराण्यानं त्या मळ्याची वाईन करायला घेतली तीच मुळी १९८२ पासून. बाटल्या मागं घ्याव्या लागल्या. त्या विकायला आणणारा रूडी कुर्नियावान जुनी बर्गंडी घरीच मिसळून बनवायचा. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

चाखायच्या दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवा, गाळ तळाशी बसू द्या. मुहूर्त काढताना गटारी टाळा. त्या रात्री हुंगत बसणाऱ्याकडे लोक संशयानं बघतात. पाहुणा दादर-परळकडचा असेल तर त्यानं वाशीचा पूल ओलांडल्याचा फोन येईपर्यंत बूच काढू नका. पंचवीस वर्षांची बर्गंडी ग्लासात ओतल्यावर कधीकधी अर्ध्या तासात मान टाकते, आणि मानखुर्दचा ट्रॅफिक तिच्या वयाचा मुलाहिजा ठेवत नाही. बूच भुसभुशीत झालेलं असतं, त्यामुळं मळसूत्राऐवजी दोन पात्यांचा चिमटा वापरा. वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं पुस्तकात लिहिलेलं असेल. ती खोली फ्रान्समधल्या दगडी घरातली आहे, तुमचा पश्चिमेकडचा हॉल नव्हे. पंधरा-सोळा अंश पुरे.

ग्लास तिरका धरा. कडेचा रंग विटकरी झालेला दिसला पाहिजे. मग नाक घाला. ओली माती, कुजकी पानं, अळंबी, जुनं चामडं असे वास आले तर वाईन पिकली म्हणायची. पावसाळ्यात हे चारही वास ग्लासातून येताहेत की कपाटातून, याची आधी खात्री करून घ्या. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बाधलं. बाटली गेली. तोंडातून मात्र ‘चालायचंच’ एवढंच निघावं.

सोबत खायला कोळंबीचं झणझणीत कालवण अजिबात नको, त्यापुढं बिचारी वाईन उभीच राहणार नाही. कर्जत-पनवेलच्या वाटेवर पावसाळ्यात आदिवासी बाया रानातली अळंबी विकतात; ती तुपावर नुसती मीठ-मिरी घालून परता. गंमत एवढीच, की ती बऱ्याचदा मिळते श्रावणात आणि तेव्हा निम्म्या पाहुण्यांनी ग्लास पालथा घातलेला असतो. उरलेल्या निम्म्यांना जास्त येते, ही तक्रार करण्याची गोष्ट नाही.

रिकाम्या बाटलीचं लेबल भिजवून काढा. कुर्नियावान रेस्टॉरंटांतून अशाच रिकाम्या बाटल्या मिळवायचा. शिवाय इतकी जाड काच आपल्या घरात कुणी भंगारात देत नाही, ती पाणी भरून फ्रिजच्या दारात जाते. लेबल तसंच राहिलं तर एखाद्या रविवारी एखादा जाणकार मोरबे धरणाचं पाणी ग्लासात गोल फिरवून त्याच्या शेवटाच्या चवीवर बराच वेळ बोलेल, आणि यजमानानं पाहुण्याला मध्येच तोडू नये, असा या शास्त्राचा दंडक आहे.